व्हॉल्व्हवरचा करडा पट्टा

४ मार्च

व्याहीबुवा, नमस्कार.

पत्राआधी खोकं उघडलं असेल तर हात काळे झाले असतील. ते पुसा आणि मग पुढे वाचा. आमच्या जुन्या मोटारसायकलच्या इंजिनाचं हेड आणि त्यातले दोन व्हॉल्व्ह पाठवतो आहे. लेथवर आयुष्य गेल्यामुळे तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि मला फोनवर ओरडून बोलता येत नाही, तेव्हा कागदच बरा. शिवाय लिहिलेलं नंतर कुणाला नाकारता येत नाही. माझी सगळी नोकरी गोदाम सांभाळण्यात गेली, त्यामुळे ही खोड.

गाडीची तक्रार अशी. सकाळी सुरू होताना निळा धूर काढते, चढावर दम टाकते आणि सायलेन्सरमधून मधूनच फट् करते. आमच्या कोपऱ्यावरचा मेकॅनिक उभ्या उभ्या म्हणाला, व्हॉल्व्ह गेलेत, हेडसकट बदला. मला त्याचाच संशय आला. जो माणूस इंजिन न उघडता निदान करतो त्याला बिल आधी दिसत असतं. मग मीच हेड उतरवलं. तुमच्या लेकीने बॅटरी धरली.

घाई तिच्यासाठीच आहे. गावाबाहेरच्या पाणी शुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत तिला जागा मिळाली आहे. पंधरा एप्रिलला हजर व्हायचं. पाळी पहाटेची, त्या वेळी त्या रस्त्याला बस नाही. केंद्रवाले स्पष्ट म्हणाले आहेत की वेळेवर पोचायची स्वतःची सोय असेल तरच या, मागे दुसरा उमेदवार उभा आहे. आमचे चिरंजीव जहाजावर, ते येतील तेव्हा येतील. म्हणजे गाडी चालली तर नोकरी, नाहीतर नाही.

तुम्ही घरच्या घरी जुने व्हॉल्व्ह असे करता की नव्यांनी मान खाली घालावी, असं लग्नात तुमच्याच तोंडून ऐकलं होतं. आता पाहू. पाठवण्याआधी दोन्ही व्हॉल्व्ह मी नीट न्याहाळून ठेवले आहेत. एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या दांड्यावर निळसर झाक आहे, तेवढी लक्षात असू द्या.

विहीणबाईंना नमस्कार.

तुमच्या जावयाचा बाप

*

१३ मार्च

व्याहीबुवा,

खोकं मिळालं. सुतळीला इतक्या गाठी मारल्या होत्या की आत व्हॉल्व्ह आहेत की कैदी, असं ही विचारत होती.

मेकॅनिकवर संशय घेतलात ते बरं केलंत. व्हॉल्व्ह गेलेले नाहीत, माखलेले आहेत. इनलेट व्हॉल्व्हच्या पाठीवर डांबरासारखा चिकट थर होता. म्हणजे दांड्यावरून तेल खाली उतरतं आणि जळतं. त्याचं सील बदललं आहे, धूर थांबेल. एक्झॉस्टवरचा कार्बन कोरडा आणि टणक निघाला. दोघांना हिच्या जुन्या ट्रेमध्ये रॉकेलात बुडवून ठेवलं. त्यावरून घरात अबोला झाला, तो अजून पुरता मिटलेला नाही. मग लाकडी पट्टीने आणि पितळी ब्रशने खरवडून काढलं. पोलादी पातं मी कधी लावत नाही, ओरखडा राहतो.

त्यानंतरचं काम म्हणजे घासणी. व्हॉल्व्हच्या कडेला खरखरीत पेस्ट लावायची, तो हेडमधल्या आपल्या बैठकीवर ठेवायचा, टोकाला रबरी वाटी असलेली काठी त्याच्या डोक्याला चिकटवायची आणि थंडीत हात चोळतात तशी ती काठी दोन तळव्यांमध्ये फिरवायची. थोडं फिरवा, उचला, जागा बदला, पुन्हा फिरवा. आधी जाडी पेस्ट, मग बारीक. असं करता करता व्हॉल्व्ह आणि बैठक एकमेकांना झिजवतात आणि एकमेकांच्या होऊन जातात. हल्ली मी या कामाला घाई करत नाही, म्हणून तुम्हाला थोडं थांबावं लागलं. शेवटी हेड उलटं करून त्याच्या खोलगट भागात रॉकेल ओतलं आणि चहा घेऊन आलो. एक थेंब पाझरला नव्हता. स्प्रिंगा चढवूनच पाठवतो आहे. हेड तसंच्या तसं बसवायचं, बाकी काही करायचं नाही.

एक गोष्ट मात्र मनात राहिली. नोकरीची बातमी मला तुमच्याकडून कळली, लेकीकडून नाही. तिने मला एका अक्षरानेही सांगितलेलं नाही. लग्नाची बोलणी चालली होती तेव्हा तुम्ही सगळ्यांसमोर म्हणाला होतात की आमच्या घरात सुनेवर नोकरी करायची वेळ येणार नाही. मत बदललं असेल तर आनंदच आहे. सहज विचारलं.

तुमच्या सुनेचा बाप

*

२० मार्च

व्याहीबुवा, नमस्कार.

तुमचं ते 'सहज' माझ्या लक्षात आलं. त्याचं उत्तर मागून देईन, आधी मालाचं बोलू.

आलेला माल उघडून पाहिल्याशिवाय मी कधी आत घेतला नाही. तुम्ही उघडू नका म्हणालात म्हणून तर उघडावंसं जास्तच वाटलं. सुताराकडचा क्लॅम्प आणून मी स्प्रिंग दाबली, सूनबाईने चिमट्याने व्हॉल्व्ह धरून ठेवणारे बारीक लॉक उचलले. व्हॉल्व्ह वर्तमानपत्रावर काढून उजेडात नेले.

डोकं स्वच्छ आहे, दांडा स्वच्छ आहे, त्याबद्दल वाद नाही. पण जी कड बैठकीवर टेकते तिथे चकाकी नाही. राखेसारखा मळकट, करडा पट्टा आहे, गोल सगळीकडून. बैठकीवरही तसाच. अख्खा व्हॉल्व्ह लखलखीत केलात आणि नेमकी कामाची जागा तशीच सोडून दिलीत, हे मला कळलं नाही. आणि ती निळसर झाकही कुठे दिसत नाही.

तुमच्या दारातही हीच गाडी उभी असते, त्याच साली घेतलेली. आपली सोयरीक जमताना पहिला विषय तोच निघाला होता, आठवत असेल. मी काही म्हणत नाही. पण गोदामात मी पाहिलेलं आहे, चांगला माल आणि झिजका माल एका टेबलावर आले की कधी कधी आपण होऊनच जागा बदलतात.

तेव्हा दोन ओळी लिहून कळवा. हा पट्टा काय आहे, आणि हे व्हॉल्व्ह आमचेच ना? कळवलंत की लगेच बसवतो. सूनबाई पट्ट्यावरून नुसतं बोट फिरवत बसली होती.

तुमच्या जावयाचा बाप

*

२६ मार्च

व्याहीबुवा,

पत्र वाचलं. ही शेजारी बसली होती, ती म्हणाली, उत्तर उद्या लिहा. मी आजच लिहितो आहे.

मी तुमच्या एकाही प्रश्नाचं उत्तर देणार नाही. माणसाने आयुष्यभर एक काम केलं आणि म्हातारपणी त्याला कुणी विचारलं की ही जागा राहून कशी गेली, तर त्याने काय सांगायचं? दिलं आहे ते तसं बसवा, नाहीतर कोपऱ्यावरच्या त्या मेकॅनिककडे न्या. तो उभ्या उभ्या सांगेल.

माझ्या घरात झिजके व्हॉल्व्ह आहेत आणि ते मी तुमच्या गळ्यात मारले, असं तुम्हाला म्हणायचं आहे. निदान सरळ म्हणा. मीही मग सरळ विचारतो. तुम्हाला सून नोकरीला जायला हवी आहे का? पोरगी मला काही लिहीत नाही. तुम्ही मात्र उत्तर 'मागून देईन' म्हणता. मेकॅनिकवर संशय, माझ्यावर संशय, हेड एकदा उघडलं, परत उघडलं. अशाने पंधरा एप्रिल कधी येऊन निघून जाईल कळणारही नाही, आणि मग कुणाला वाईटपणा न येता सून घरी बसेल. कुठेतरी पाणी मुरतंय, व्याहीबुवा.

तुमच्या सुनेचा बाप

*

२ एप्रिल

व्याहीबुवा,

हेड परत पाठवतो आहे. पोस्टात दिवस जातील म्हणून रात्रीच्या बसच्या ड्रायव्हरकडे दिलं आहे. ड्रायव्हर ओळखीचा आहे. तुमच्या स्टँडवरून सकाळी घेऊन या.

तुम्ही म्हणालात तसं बसवलं. गाडी सुरू होत नाही. किक पायाखाली मऊ पडते, हाताने दाबली तरी खाली जाते. कॉम्प्रेशन अजिबात नाही, आत हवा दाबलीच जात नाही.

काय झालं ते मी लिहीत बसत नाही. तुम्ही पाहालच. मागच्या पत्रात मी जे लिहिलं ते लिहायला नको होतं, एवढं मात्र मान्य करतो. व्हॉल्व्ह आमचेच आहेत. त्याबद्दल माझी आता काही शंका नाही.

दोष कुणाचा याचा काथ्याकूट न करता पुन्हा एकदा करून द्याल का? दिवस थोडे आहेत. पोरीचं तोंड उतरलं आहे.

तुमच्या जावयाचा बाप

*

६ एप्रिल

व्याहीबुवा,

तुमचं पत्र इतकं गरीब होतं की तेव्हाच मनात पाल चुकचुकली. खोकं उघडलं आणि खात्रीच पटली.

दोन्ही व्हॉल्व्हची कड आरशासारखी चमकते आहे. चमक अशी की खिडकीशी न नेताही मला दिसली. पॉलिश पेपर मारला आहे, वरून पितळेचं पॉलिश चोळलं आहे, आणि एवढ्यावर न थांबता बोटाला पेपर गुंडाळून बैठकीही घासल्या आहेत. कडेचा कोन गेला, गोलाई आली. आता त्यातून हवा अशी जाते की रॉकेल ओतायचीही गरज नाही.

तुमची निळसर झाक ब्रशने खरवडतानाच गेली. आणि तुम्ही विचारलं होतं ना, तो पट्टा काय आहे? तो पट्टा म्हणजेच काम. पेस्टने घासलं की कड करडी होते, तिला चकाकी राहतच नाही. पट्टा गोल सगळीकडून सारखा, कुठेही न तुटलेला असला की व्हॉल्व्ह बसला असं समजायचं. त्या बोटभरही रुंद नसलेल्या पट्ट्यासाठी माणूस तळवे सोलून घेतो. तो तुम्ही पुसून टाकलात.

हे चुकून झालेलं नाही. धक्का लागला, पडला, वाकला, हे समजू शकतो. पण हे कुणीतरी बसून, शांतपणे, फार मन लावून केलेलं काम आहे. हेड बसवून गाडी सुरू झाली असती तर सून नोकरीला गेली असती. म्हणून ती सुरू होणार नाही याची तुम्ही व्यवस्था केलीत. तोंडाने नाही म्हणायचं नव्हतं, म्हणून हाताने म्हटलंत.

या व्हॉल्व्हची घासणी आता होत नाही. नवे आणावे लागतील आणि बैठकी कापून घ्याव्या लागतील. पंधरा तारखेच्या आत ते जमणार नाही, हे तुम्हालाही माहीत असणार. खरं काय ते कळवा. नाहीतर मी येतो आणि पोरीला घेऊन जातो. नोकऱ्या इकडेही असतात.

तुमच्या सुनेचा बाप

*

८ एप्रिल

व्याहीबुवा,

मी केलं.

पट्टा मळका वाटला म्हणून पुसायला गेलो आणि हात थांबला नाही. मला चकचकीत वस्तूंची आवड आहे, गोदामाची कुलपंसुद्धा मी चमकवून ठेवायचो, विचारा कुणालाही. पेपर कुठला, किती घासलं, हे विचारू नका, आठवत नाही. हात माझा होता, पण तुम्ही म्हणता तो हेतू नव्हता. सून घरी बसावी असं मला वाटत नाही. बोलण्यांच्या वेळी तसं म्हणालो होतो, खरं आहे. तेव्हा मी तिला ओळखत नव्हतो.

तुम्हाला काय म्हणायचं ते मला म्हणा. कागद भरून शिव्या घाला, मी जपून ठेवीन. पण तिला न्यायला येऊ नका, आणि यातलं तिला काही लिहू नका. एवढंच मागतो. गाडी नाही तर नाही, दुसरी काही सोय होते का बघतो आहे. शेजारच्या दूधवाल्याशी बोललो, त्याची गाडी उलट्या दिशेला जाते. आणखी कुणाला विचारीन.

तुमच्या जावयाचा बाप

*

१० एप्रिल

ठमे,

हे पत्र तुझ्या नावाचं आहे, तूच उघड. बसच्या ड्रायव्हरला बजावून सांगितलं आहे की तुझ्याच हातात द्यायचं.

तुझ्या सासऱ्यांनी कबूल केलं आहे. व्हॉल्व्ह त्यांनी घासले. का, तर म्हणे चकाकीची आवड. यावर मी विश्वास ठेवावा अशी त्यांची अपेक्षा आहे. वर मला लिहितात की यातलं तिला काही कळवू नका. ज्याच्या पोटात काही नाही तो माणूस असं का लिहील? आणि ताकास तूर लागू न देता दूधवाल्याच्या गाडीची चौकशी केल्याचं सांगतात, म्हणजे आपण कसे झटतो आहोत हे दिसावं.

तुझं मला कोडं पडलं आहे. नोकरी लागली हे तू मला का कळवलं नाहीस? कुणी लिहू देत नव्हतं का? तुला तिथे काही जाच असेल तर साफ सांग. तुझी आई रोज विचारते. मी तेरा तारखेच्या सकाळी पोचतो. सामान बांधून ठेव. जावईबापूंना मी लिहीन, त्याची काळजी तू करू नकोस. नोकरीचं दुःख करू नकोस, दुसरी मिळेल.

बाबा

*

११ एप्रिल

बाबा,

तुम्ही येऊ नका. आधी हे वाचा.

व्हॉल्व्ह मी घासले. अप्पांनी नाही. सासऱ्यांना मी अप्पा म्हणते.

तुमचं सव्वीस तारखेचं पत्र आलं तेव्हा अप्पांनी ते मला वाचायला दिलं आणि म्हणाले, तुझे वडील रागावलेत, माझंच चुकलं, आता मुकाट्याने बसवून टाकू. ते दुपारी झोपले. व्हॉल्व्ह टेबलावर वर्तमानपत्रावर होते. मी पुन्हा पुन्हा तो पट्टा बघत होते आणि मला रडू येत होतं. कारण मला वाटलं अप्पा बरोबर आहेत.

तुम्ही मला मागच्या खोलीत कधी येऊ दिलं नाहीत. ग्रीस लागेल, कपडे खराब होतील, उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही. मी उंबऱ्यात उभी राहून खिडकीत बघायचे. तिथे तुम्ही व्हॉल्व्ह ओळीने उभे करून ठेवायचात, कागद उडू नयेत म्हणून वापरायचात, आणि ते सगळे कडेपर्यंत चमकायचे. मी लहानपणापासून तेच व्हॉल्व्ह पाहिले. चांगला व्हॉल्व्ह असाच असतो, असं मला वाटत होतं. तुमचं सहा तारखेचं पत्र वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की ते बाद झालेले होते, म्हणून तुम्ही चमकवून ठेवले होते. जे चालायचे ते मी कधी बघितलेच नाहीत, ते इंजिनात जायचे.

म्हणून करडा पट्टा बघून माझ्या मनात आलं की बाबा थकले. हात चालेनासा झाला असेल, किंवा दिसलं नसेल, आणि काम अर्धं राहिलं, आणि ते मान्य करायचं जिवावर आलं म्हणून एवढं रागावून लिहिलं. अप्पांना उत्तर न देण्याचं दुसरं कारणच मला सुचेना. तुम्ही जावयाच्या घरी तोंडघशी पडू नये, म्हणून मी ते पुरं करायला बसले. अप्पा झोपेत असताना. त्यांना कळूही न देता स्प्रिंगा चढवून टाकल्या. तुम्ही म्हणता ना, कुणीतरी फार मन लावून केलेलं काम आहे. मन लावूनच केलं होतं, बाबा.

गाडी सुरू झाली नाही तेव्हा मी अप्पांना सांगितलं. त्यांनी हेड उतरवून खोक्यात ठेवलं. मग म्हणाले, "हे माझ्या नावावर राहू दे. व्याह्याने चोर म्हटलं तर मला चालेल. लेकीने बापाच्या हाताचा भरवसा सोडला, हे त्या माणसाला कळायला नको."

आणि नोकरीचं. ती जाहिरात अप्पांनीच कापून आणली. गोदामामागच्या मोकळ्या जागेत त्यांनी मला गाडी शिकवली, स्वतः मागे बसून, डोळे मिटून. मी तुम्हाला कळवलं नाही, कारण तुम्ही म्हणाला असतात, मोटारसायकल बायकांचं काम नाही. एकदा नोकरी सुरू झाली की सांगायचं ठरवलं होतं.

इथे मला काही जाच नाही. पंधरा तारखेला काय होईल माहीत नाही. अप्पा कालपासून गावभर गाडी मागत फिरत आहेत. सामान मी बांधलेलं नाही.

तुमची
ठमी

*

१२ एप्रिल

ठमे,

मी येत नाही. माझ्याऐवजी खोकं येतं आहे, रात्रीच्या बसने, त्याच ड्रायव्हरबरोबर. त्यात हेड आहे, व्हॉल्व्ह आणि स्प्रिंगा चढवलेलं, नवी गॅस्केटही आहे. हे हेड माझ्या गाडीचं. दोन्ही गाड्या सारख्याच असल्यामुळे ते तुमच्या इंजिनावर नीट बसेल. तूच बसव, बॅटरी अप्पांना धरू दे. नट एकदम आवळू नकोस, समोरासमोरचे थोडे थोडे आवळत जा. मग व्हॉल्व्ह दाबणारे टॅपेट लाव. इंजिन गार असताना लाव, आणि वहीच्या पानाच्या जाडीएवढी फट ठेव. चौदा तारखेला एकदा केंद्रापर्यंत जाऊन ये, म्हणजे पंधराला धाकधूक राहणार नाही.

माझ्या गाडीचं काय, असं विचारशील. मी ती चालवत नाही. कधीपासून ते तुझ्या आईलाही सांगितलेलं नाही, तिला वाटतं माझी कंबर दुखते.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. वाचायला हल्ली वेळ लागतो. डोळ्यांच्या डॉक्टरने सांगितलं आहे की जिथे नजर रोखतो नेमकं तिथेच धूसर होत जाणार, कडेकडेचं तेवढं दिसत राहील. चष्म्याने ते सुधारत नाही. कानांचं तुम्हा सगळ्यांना माहीत होतं. हे मी कुणाला कळू दिलं नाही. ज्याला पेस्टची खरखर ऐकू येत नाही आणि घासलेली कड दिसत नाही, त्याने हातात काठी कशाला धरायची, असं कुणीतरी म्हणेल म्हणून.

तुमचे व्हॉल्व्ह मी नखाने चाचपून घासले. रॉकेल पाझरलं नाही म्हणून पट्टा पुरा झाला असं धरलं, पण खिडकीशी नेऊन बघितलं तर मधोमध नुसतं धुकं. त्यातच अप्पांचं पत्र आलं की कामाची जागा राहून गेली आहे. मला वाटलं, त्या माणसाने ओळखलं. मला खरंच माहीत नव्हतं की जागा राहिली आहे की नाही. म्हणून उत्तर दिलं नाही, उलटा त्यांच्यावर धावून गेलो. पट्टा करडाच हवा, एवढी एक ओळ लिहिली असती तर तू हात लावला नसतास. ती ओळ माझ्याने लिहवली नाही, आणि त्यात तुझी नोकरी जायची वेळ आली.

तुला वाटलं ते खरं आहे, ठमे. बाबा थकले. तू एवढ्या लांबून ओळखलंस, आणि मी इथे बसून तुझ्या सासऱ्यांच्या पोटात काय आहे ते शोधत होतो. त्यांना माझा नमस्कार सांग. त्यांना वेगळं पत्र लिहायचं आहे, पण आज हात धजत नाही. त्यांना खोटं बोलता येत नाही, एवढंही सांग. मी ते माझ्या रागात वाचलं म्हणून घासलं त्यांनीच, हे मला पटलं.

पाठवतो आहे त्या हेडचे व्हॉल्व्ह मी नीट दिसत होतं तेव्हा घासलेले आहेत. त्यांच्याबद्दल मनात काही आणू नकोस.

तुमचं हेड माझ्या टेबलावर आहे. बैठकी कापून घेईन, नवे व्हॉल्व्ह या आठवड्यात मिळतील. पण घासणी मी एकट्याने करणार नाही. तुला पहिली साप्ताहिक सुट्टी मिळाली की इकडे ये. मागच्या खोलीत स्टूल ठेवलं आहे, खिडकीच्या बाजूला, उजेड पाठीवर येईल असं. अप्पा येत असतील तर त्यांनाही घेऊन ये. काठी मी फिरवीन, पट्टा तू बघायचास. कुठे तुटला असेल तर सांग, मी पुन्हा फिरवीन. पुरा झाला की सांग. तू सांगशील तेव्हा थांबेन.

बाबा